असंतत संभाव्यता-वितरणे : मोजणीतील यदृच्छा कशी ओळखावी

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या पर्वात, १३ जून १९४४ रोजी पहाटे, लंडन शहरावर एक नवे अस्त्र येऊन पडले. ते लहानशा विमानासारखे होते. परंतु त्यात वैमानिक नव्हता. ह्या उडत्या बाँबला जर्मनांनी 'व्ही-१' असे नाव दिले होते. त्याच्या पोटात सुमारे ८५० किलोग्रॅम स्फोटक द्रव्य असे. उत्तर फ्रान्सच्या किनाऱ्याजवळील तळांवरून तो सोडीत. दिशा राखण्यासाठी त्यात घूर्णदर्शकावर चालणारी योजना होती, आणि नाकावर बसविलेल्या एका छोट्या पंख्याच्या फेऱ्यांवरून कापलेले अंतर मोजले जाई. ठरविलेले फेरे पुरे झाले की बाँब खाली झेपावे. तो नेमका कोणावर पडेल हे सोडणारासही ठाऊक नसे.

निदान असे मानण्यास जागा होती. परंतु लंडनमधील पुष्कळ लोकांना ते पटत नव्हते. बाँब जेथे जेथे पडले त्या जागा नकाशावर मांडून पाहिल्या की काही ठिकाणी खुणांची दाटी दिसे, तर शेजारीच एखादा भाग कोरा राही. अशी दाटी आपोआप कशी होईल? शत्रू नेम धरून विशिष्ट वस्त्यांवर मारा करीत असला पाहिजे, असे अनुमान सहज निघे. ते खरे असते तर त्याचे परिणाम गंभीर होते. काही शेकडा मीटरांच्या टप्प्यात नेम धरता येणारे अस्त्र आणि अवघ्या महानगराच्या दिशेने भिरकावलेले अस्त्र ह्यांपासून बचाव करण्याचे उपाय भिन्न असतात. पहिल्या प्रकारात कारखाने, भांडारे, रुग्णालये एका भागातून दुसऱ्या भागात हलविणे शहाणपणाचे ठरेल. दुसऱ्या प्रकारात ह्या गल्लीतून त्या गल्लीत जाण्याने काहीच साधणार नाही.

प्रश्नाचे उत्तर नकाशाकडे टक लावून पाहिल्याने मिळण्यासारखे नव्हते. 'नेम न धरता बाँब पडले असते तर नकाशा कसा दिसला असता?' हे आधी ठरविणे भाग होते. असा विचार करावयास शिकविणारे गणित म्हणजे संभाव्यता-वितरणांचे गणित. ह्या पुस्तिकेत त्यांतील एकाच वर्गाची ओळख करून द्यावयाची आहे. जेथे उत्तर ०, १, २, ३ असे मोजून येते, अधले मधले काही येऊ शकत नाही, तो हा वर्ग होय. माणसाची उंची १६० सेंटिमीटर आणि १६१ सेंटिमीटर ह्यांच्यामध्ये कितीही असू शकते. परंतु एखाद्या चौकोनात अडीच बाँब पडत नाहीत. म्हणून अशा वितरणास असंतत वितरण म्हणतात.

कवड्यांचे वितरण

युद्धभूमीवरून क्षणभर घरातल्या पटाकडे वळू. कवडी फेकली असता ती दोन प्रकारे पडते : चीर वर येऊन, म्हणजे उताणी, अथवा चीर खाली जाऊन, म्हणजे पालथी. नाण्याच्या दोन्ही बाजूंना सारखाच मान द्यावा हे आपण सहज मान्य करतो, कारण नाणे दोन्ही बाजूंनी सारखे असते. कवडीचे तसे नाही. तिची पाठ फुगीर, पोट चपटे. उताणी पडण्याची संभाव्यता एकद्वितीयांश आहे असे धरून चालण्यास काहीच आधार नाही. ती पुष्कळदा फेकून, नोंद ठेवूनच काढावी लागेल, आणि प्रत्येक कवडीगणिक थोडी निराळी येईल. प्रारंभिक पुस्तकांत नाण्यांचीच उदाहरणे फार असतात. त्यामुळे 'दोन शक्यता म्हणजे निम्मी-निम्मी संभाव्यता' अशी एक खोटी समजूत विद्यार्थ्याच्या मनात घर करून बसते. कवडी ती समजूत लवकर दूर करते.

समजा, आपल्या कवड्यांची उताणी पडण्याची संभाव्यता ०·४ आहे, आणि अशा चार कवड्या एकदम फेकल्या. किती उताण्या पडतील? ०, १, २, ३ किंवा ४. ह्या संख्येस यादृच्छिक चल म्हणतात. तिची नेमकी किंमत आधी सांगता येत नाही. परंतु प्रत्येक किमतीची संभाव्यता सांगता येते. चारही पालथ्या पडण्यासाठी ०·६ ही संख्या चार वेळा गुणावी लागेल : ०·१२९६. नेमकी एक उताणी पडण्यासाठी एकदा ०·४ आणि तीनदा ०·६ ह्यांचा गुणाकार हवा, तो ०·०८६४ येतो. पण उताणी पडणारी ती एक चारांपैकी कोणतीही असू शकते, म्हणून ह्यास चाराने गुणले पाहिजे. उत्तर ०·३४५६. दोन उताण्या पडण्याचे सहा प्रकार आहेत, तीन पडण्याचे चार, चारही पडण्याचा एक. सर्व मिळून पुढील कोष्टक तयार होते :

उताण्या ० — संभाव्यता ०·१२९६
उताण्या १ — संभाव्यता ०·३४५६
उताण्या २ — संभाव्यता ०·३४५६
उताण्या ३ — संभाव्यता ०·१५३६
उताण्या ४ — संभाव्यता ०·०२५६

बेरीज बरोबर १ येते. येत नसेल तर आकडेमोड चुकली असे समजावे. ही तपासणी इतकी सोपी आहे की ती सर्रास विसरली जाते. संपूर्ण १ ही संभाव्यता निरनिराळ्या किमतींना कशी वाटून दिली आहे हे ह्या कोष्टकात दिसते, आणि 'वितरण' ह्या शब्दाचा अर्थ तोच होय. वरील विशिष्ट वितरणास द्विपद वितरण म्हणतात, कारण त्यातील पदे दोन राशींच्या बेरजेचा घात विस्तारून मिळतात. स्वित्झर्लंडमधील गणितज्ञ याकोब बेर्नुली ह्यांच्या मृत्यूनंतर, १७१३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याचे व्यवस्थित विवेचन आहे.

कोष्टकाचे सार दोन संख्यांत सांगता येते. प्रत्येक किमतीस तिच्या संभाव्यतेने गुणून बेरीज केली असता माध्य मिळतो. येथे तो १·६ आहे, म्हणजे चारास ०·४ ने गुणून येणारी संख्या. माध्य १·६ असला तरी एकाही फेकीत १·६ कवड्या उताण्या पडणार नाहीत, हे सांगावयास नको. दीर्घकाळ फेकत राहिल्यास सरासरी तेथे स्थिरावते, एवढेच. दुसरी संख्या प्रचरण. किमती माध्याच्या आजूबाजूस किती पसरल्या आहेत ते ती दाखविते. प्रत्येक किमतीच्या वर्गास तिच्या संभाव्यतेने गुणून बेरीज करावी, आणि तीतून माध्याचा वर्ग वजा करावा. येथे वर्गांची बेरीज ३·५२ येते; तीतून १·६ चा वर्ग २·५६ वजा जाता प्रचरण ०·९६ उरते. द्विपद वितरणासाठी ह्याचा एक जवळचा मार्गही आहे : चार × ०·४ × ०·६. उत्तर तेच.

प्रचरणाचा उपयोग काय, असे विद्यार्थी पुष्कळदा विचारतात. पुढे तेच आपले मुख्य हत्यार होणार आहे.

छत्तीस घरांचा पट

आता एक प्रयोग करावा. तो कोणत्याही शाळेत अर्ध्या तासात होईल. कागदावर सहा रांगा व सहा स्तंभ असलेला छत्तीस घरांचा पट आखावा. एक तांबडा व एक पांढरा असे दोन घनाकृती फासे घ्यावेत. तांबड्याने रांग ठरवावी, पांढऱ्याने स्तंभ. फासे छत्तीस वेळा टाकावेत, आणि प्रत्येक वेळी ज्या घराचा क्रमांक येईल त्यात एक ठिपका द्यावा.

छत्तीस घरे आणि छत्तीस ठिपके. फाशांना कोणत्याही घराविषयी आपपरभाव नाही. प्रयोगापूर्वी वर्गास विचारावे : किती घरे रिकामी राहतील? बहुतेक मुले चार किंवा पाच म्हणतात. गणित असे सांगते की सरासरी तेरा घरे रिकामी राहतील, साडेतेराच्या आसपास घरांत एकच ठिपका असेल, सहा-सात घरांत दोन, आणि दोन-तीन घरांत तीन अथवा त्याहून अधिक ठिपके असतील. म्हणजे एक तृतीयांशाहून अधिक पट कोरा, आणि काही घरांत चांगलीच दाटी.

हे तेरा कोठून आले? एका फेकीत विशिष्ट घर चुकण्याची संभाव्यता छत्तीसातील पस्तीस. ते घर छत्तीसही वेळा चुकण्यासाठी ह्या अपूर्णांकाचा छत्तिसावा घात घ्यावा लागेल; तो ०·३६२७ येतो. अशी घरे छत्तीस, म्हणून ३६ × ०·३६२७ = १३·०६. येथे द्विपद वितरणापलीकडचे काहीच वापरलेले नाही. ठिपका म्हणजे कवडी, आणि विशिष्ट घरात पडणे म्हणजे उताणी पडणे, इतकाच बदल.

पट पाहिल्यावर डोळ्यास जे वाटते त्याची येथे दखल घ्यावी. यदृच्छा म्हणजे सारखेपणा, अशी आपली अंतर्यामी समजूत असते. वस्तुतः प्रत्येक घरात नेमका एक ठिपका पडला असता तर तेथे कोणीतरी मुद्दाम हात घातला असे निश्चित समजावे. सारखे वाटप करण्यासाठी मागच्या ठिपक्यांची आठवण ठेवावी लागते, आणि फाशांना आठवण नसते.

प्वासाँ ह्यांचे सूत्र

लंडनच्या प्रश्नात संख्या मोठ्या आहेत. आर. डी. क्लार्क हे विमागणितज्ञ होते. त्यांनी १९४६ साली इंग्लंडमधील विमागणितज्ञांच्या संस्थेच्या नियतकालिकात एक अगदी छोटी टिप्पणी प्रसिद्ध केली. त्यांनी दक्षिण लंडनचा १४४ चौरस किलोमीटरांचा भाग घेतला, त्याचे प्रत्येकी पाव चौरस किलोमीटराचे ५७६ चौरस पाडले, आणि प्रत्येक चौरसात किती उडते बाँब पडले ते मोजले. एकूण बाँब ५३७ होते. आपल्या पटावर छत्तीस घरे होती, ह्यावर ५७६, ठिपक्यांऐवजी बाँब, प्रश्न तोच.

विशिष्ट चौरस चुकण्याची संभाव्यता ५७६ मधील ५७५. तिचा ५३७ वा घात घेतला तर रिकाम्या चौरसांचे प्रमाण मिळेल. परंतु असे घात हातांनी घेणे जिकिरीचे, आणि पुढील पदांसाठी ५३७ मधून दोन, तीन, चार निवडण्याचे प्रकार मोजणे त्याहून जिकिरीचे. फ्रेंच गणितज्ञ सिमेआँ दनी प्वासाँ ह्यांनी १८३७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ह्यातून सुटण्याचा मार्ग आहे. घटना घडण्याच्या संधी पुष्कळ असतील, आणि प्रत्येक संधीस ती घडण्याची संभाव्यता अल्प असेल, तर द्विपद वितरण एका सुटसुटीत रूपाच्या जवळ जाते. त्यात संधी किती आणि संभाव्यता किती हे वेगवेगळे माहीत असण्याची गरज उरत नाही. दोहोंचा गुणाकार, म्हणजे माध्य, तेवढा पुरे होतो.

रीत अशी. नैसर्गिक लॉगॅरिथमचा पाया २·७१८२८… ह्याचा माध्याइतका घात घ्यावा आणि त्याने १ ला भागावे. ही शून्याची संभाव्यता. तीस माध्याने गुणले की एकाची संभाव्यता मिळते. तीस पुन्हा माध्याने गुणून दोनाने भागले की दोनाची; तीस माध्याने गुणून तिनाने भागले की तिनाची. असेच पुढे. प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर उभी असल्यामुळे कागद-पेन्सिल पुरेशी आहे.

लंडनसाठी माध्य म्हणजे ५३७ भागिले ५७६, अर्थात् ०·९३२३. शून्याची संभाव्यता ०·३९३६५ येते. तीस ५७६ ने गुणता २२६·७४ चौरस रिकामे अपेक्षावेत. (द्विपद सूत्राने काटेकोर गणित केल्यास हीच संख्या २२६·५६ येते. फरक एका चौरसाच्या पंचमांशाहूनही कमी; प्वासाँ ह्यांच्या सूत्रावर विसंबण्यास हरकत नाही.) आता २२६·७४ × ०·९३२३ म्हणजे २११·३९, त्यास ०·९३२३ ने गुणून दोनाने भागले की ९८·५४, आणि असेच पुढे. ही झाली नेम न धरता केलेल्या माऱ्याची अपेक्षा. तिच्याशेजारी क्लार्क ह्यांची प्रत्यक्ष मोजणी ठेवू :

बाँब ० — प्रत्यक्ष चौरस २२९ — अपेक्षित २२६·७४
बाँब १ — प्रत्यक्ष चौरस २११ — अपेक्षित २११·३९
बाँब २ — प्रत्यक्ष चौरस ९३ — अपेक्षित ९८·५४
बाँब ३ — प्रत्यक्ष चौरस ३५ — अपेक्षित ३०·६२
बाँब ४ — प्रत्यक्ष चौरस ७ — अपेक्षित ७·१४
बाँब ५ वा अधिक — प्रत्यक्ष चौरस १ — अपेक्षित १·५७

दोन स्तंभांतील साम्य पाहून कोणासही आश्चर्य वाटावे. दोनशे एकोणतीस चौरस कोरे राहिले ह्यात गूढ काही नाही. तितके राहावयाचेच होते. एका चौरसात तीन-तीन, चार-चार बाँब पडले. तेही पडावयाचेच होते. साम्य किती चांगले आहे हे मोजण्याची काय-वर्ग नावाची कसोटी आहे. प्रत्येक ओळीतील फरकाचा वर्ग करून त्यास अपेक्षित संख्येने भागावे आणि सर्वांची बेरीज घ्यावी. ती येथे १·१७ येते. मारा निव्वळ यादृच्छिक असतानाही इतका किंवा ह्याहून अधिक फरक शंभरातील सुमारे ८८ वेळा दिसून आला असता. नेम धरल्याचा पुरावा ह्या आकड्यांत मुळीच नाही.

प्रचरणाची कसोटी

प्वासाँ वितरणाचा एक गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे : त्याचे प्रचरण त्याच्या माध्याइतकेच असते. त्यामुळे कोष्टक न मांडताही चटकन तपासणी होऊ शकते. मोजणीचे माध्य व प्रचरण काढावे आणि त्यांची तुलना करावी. प्रचरण माध्याहून बरेच कमी असेल तर वाटप कोणीतरी सारखे केले आहे. बरेच अधिक असेल तर घटना एकमेकींस ओढून आणीत आहेत, किंवा निरनिराळ्या ठिकाणांची परिस्थितीच मुळात भिन्न आहे.

लंडनच्या आकड्यांवर ही तपासणी करण्यासाठी अखेरच्या ओळीतील त्या एकट्या चौरसात नेमके किती बाँब होते हे कळले पाहिजे. कोष्टकात 'पाच वा अधिक' एवढेच म्हटले आहे. परंतु एकूण संख्या हाती आहे. इतर चौरसांतील बाँब २११ + १८६ + १०५ + २८, म्हणजे ५३० होतात. ५३७ तून ते वजा केले की ७ उरतात. त्या एका चौरसावर सात बाँब पडले होते. आता वर्गांची बेरीज १०५९; तीस ५७६ ने भागून माध्याचा वर्ग वजा केला असता प्रचरण ०·९७ येते. माध्य ०·९३. दोन्ही जवळजवळ सारखी.

मात्र तो सात बाँबांचा चौरस तसाच सोडून पुढे जाणे बरे नव्हे. प्वासाँ ह्यांच्या सूत्राने गणित केल्यास ५७६ चौरसांपैकी कोठे तरी सात किंवा अधिक बाँब पडलेला चौरस सापडण्याची शक्यता शंभरात सुमारे तीन येते. तीन म्हणजे थोडी. पण शून्य नव्हे. त्या चौरसात राहणाऱ्या माणसाने 'आमच्यावर नेम धरला' असे म्हटले तर त्यास दोष कोण देईल? परंतु आकडे पाहून झाल्यावर त्यांतील सर्वांत विलक्षण आकडा उचलावयाचा आणि तो किती दुर्मिळ आहे असे विचारावयाचे, ही रीत न्यायाची नाही. कोणत्याही मोठ्या कोष्टकात विलक्षण असे काहीतरी असतेच. आधी प्रश्न ठरवावा, मग मोजावे.

क्लार्क ह्यांच्या निष्कर्षाची मर्यादाही स्पष्ट सांगितली पाहिजे. त्यांनी मुद्दाम असा भाग निवडला की ज्यात बाँबांची सर्वसाधारण घनता सर्वत्र सारखी होती. संपूर्ण लंडन घेतले असते तर चित्र पालटले असते, कारण बाँबांचा मध्यबिंदू शहराच्या मध्यावर नव्हता. जर्मनांचे लक्ष्य टॉवर ब्रिज हा पूल होते. प्रत्यक्षात मारा त्याच्या दक्षिणेस आखूड पडत होता. तो तसाच पडत राहावा म्हणून ब्रिटिश गुप्तहेर खात्याने दुहेरी हेरांकरवी जर्मनांस खोटी माहितीही पुरविली. म्हणजे दिशा होती, लक्ष्यही होते. परंतु अर्ध्या किलोमीटराच्या बाजूचा चौरस निवडून मारण्याची क्षमता त्या यंत्रात नव्हती. वितरणाच्या कसोटीने ह्यांतील अखेरच्याच प्रश्नाचे उत्तर दिले. पहिल्या दोहोंविषयी ती काहीच सांगत नाही.

प्वासाँ वितरणाचे आणखी एक उदाहरण पाठ्यपुस्तकांत हमखास आढळते; ते येथे थोडक्यात देतो. लाडिस्लाउस बोर्टकीविच ह्यांनी १८९८ साली प्रशियाच्या सैन्याचे आकडे प्रसिद्ध केले. १८७५ ते १८९४ ह्या वीस वर्षांत दहा पलटणगटांत घोड्याची लाथ लागून किती सैनिक मेले, ह्याच्या २०० वार्षिक नोंदी त्यांत आहेत. १०९ नोंदींत एकही मृत्यू नाही, ६५ त एक, २२ त दोन, ३ त तीन, आणि एकीत चार. वाचकांनी वरील रीतीने अपेक्षित संख्या स्वतः काढाव्यात. माध्य ०·६१ येईल, आणि पहिली अपेक्षित संख्या १०८·७. एखाद्या गटात एका वर्षी चार सैनिक दगावले असता तेथील अधिकाऱ्यांची चौकशी लावण्यापूर्वी हे गणित पाहणे न्यायाचे ठरेल.

जेथे वितरण जुळत नाही

सूत्र जुळले की समाधान वाटते. पण न जुळल्याने अनेकदा अधिक शिकावयास मिळते. जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या जन्मांची नोंद गाइसलर ह्यांनी संकलित केली. तीत बारा अपत्ये असलेली ६११५ कुटुंबे आहेत. प्रत्येक कुटुंबात मुलगे किती, हा प्रश्न.

प्रत्येक जन्म म्हणजे एक कवडी, असे मानून पाहू. सर्व कुटुंबांत मिळून ७३,३८० अपत्ये, त्यांत ३८,१०० मुलगे. म्हणून मुलगा होण्याची संभाव्यता ०·५१९२. ती सर्व घरांत सारखी असेल आणि एका जन्माचा दुसऱ्याशी संबंध नसेल, तर बारा कवड्यांचे द्विपद वितरण मिळाले पाहिजे. सहा मुलगे व सहा मुली अशी १३६७ कुटुंबे अपेक्षित होती. प्रत्यक्षात १३४३ आढळली. येथवर फारसे बिघडलेले नाही. परंतु टोकांकडे पाहावे. बाराही मुलगे असलेली कुटुंबे २·३ अपेक्षित, प्रत्यक्षात ७. अकरा मुलगे व एक मुलगी : २६·१ अपेक्षित, प्रत्यक्षात ४५. एक मुलगा व अकरा मुली : १२·१ अपेक्षित, प्रत्यक्षात २४. बाराही मुली : एकही पुरते अपेक्षित नाही, ०·९, प्रत्यक्षात ३. दोन्ही टोके फुगलेली आहेत. द्विपद सूत्राने प्रचरण ३·०० हवे होते. आकड्यांतून ते ३·४९ येते.

सहा हजार कुटुंबांत इतका फरक योगायोगाने पडत नाही. आपण मानलेल्या दोन गोष्टींपैकी निदान एक खरी नाही. बहुधा संभाव्यता सर्व घरांत सारखी नसावी. काही दांपत्यांस मुलगे होण्याचा कल किंचित अधिक, काहींस मुली होण्याचा. अधिक आलेले सर्व प्रचरण ह्या एकाच कारणाच्या माथी मारले, तर दांपत्यादांपत्यांतील हा कल ५२ टक्क्यांच्या आजूबाजूस सुमारे ६ टक्क्यांनी पसरला असावा असे गणित सांगते. परंतु दुसरी कारणेही संभवतात. एकरूप जुळी मुले नेहमी एकाच लिंगाची असतात; तेथे दोन कवड्या एकमेकींस चिकटलेल्या आहेत. शिवाय काही आईबाप हवे तसे अपत्य होईपर्यंत थांबत नसावेत, आणि त्यामुळे बारा अपत्यांपर्यंत पोहोचणारी कुटुंबे सर्वसामान्य कुटुंबांहून निराळी असू शकतील. ह्यांपैकी कोणत्या कारणाचा वाटा किती, हे केवळ ह्या कोष्टकावरून ठरत नाही.

एक गोष्ट मात्र ठरते. 'तीन मुली झाल्या, आता चौथा मुलगाच होणार' असे आपल्या देशात वडीलधारी माणसे अजूनही विश्वासाने सांगतात, आणि त्या विश्वासाची किंमत घरातील स्त्रीला मोजावी लागते. तसे खरे असते तर निसर्ग प्रत्येक कुटुंबात समतोल राखीत गेला असता, टोकाची कुटुंबे द्विपद अपेक्षेहून कमी आढळली असती, आणि प्रचरण ३·०० च्या खाली गेले असते. सॅक्सनीचे आकडे त्याच्या नेमके उलट आहेत.

शाळांसाठी मोजण्याजोगे काही

अशी मोजणी करण्यास युद्धाची किंवा जनगणनेची गरज नाही. वृत्तपत्राच्या प्रत्येक स्तंभातील मुद्रणदोष, शांत रस्त्यावर दर मिनिटास जाणाऱ्या सायकली, पावसाच्या पहिल्या थेंबांनी फरशीच्या प्रत्येक चौकटीवर उमटलेले ठिपके, ह्यांपैकी काहीही चालेल. निदान शंभर नोंदी घ्याव्यात. माध्य काढून प्वासाँ वितरणाच्या अपेक्षित संख्या मांडाव्यात आणि प्रचरणाशी माध्य ताडून पाहावे. सायकलींची मोजणी शाळा सुटण्याच्या वेळी केली तर सूत्र जुळणार नाही, कारण मुले घोळक्याने जातात.

वर्गातील गैरहजेरी हा विशेष उद्बोधक विषय आहे. हजेरीपटावरून रोज किती मुले गैरहजर होती ते एका वर्षासाठी लिहून काढावे. सणांचे व परीक्षांचे दिवस वगळावेत. जून ते ऑगस्ट आणि डिसेंबर ते फेब्रुवारी असे दोन गट करावेत आणि प्रत्येकाचे माध्य व प्रचरण वेगवेगळे मांडावे. एखाद्या गटात प्रचरण माध्याच्या दुप्पट-तिप्पट आले, तर त्या तारखा पुन्हा उघडून पाहाव्यात : त्या दिवसांत गावात गोवर किंवा डोळ्यांची साथ होती काय, की ओढ्याला पूर येऊन पलीकडच्या वाडीवरची मुले एकदमच अडकली होती, हे जुन्या मुलांना व शिक्षकांना विचारून नोंदीसमोर लिहावे.